पाचशे ओळी

जाईला जाऊन दोन महिने झाले होते. मार्चात तिच्या ऑफिसातला तौहीद तिचा कॉम्प्युटर घेऊन आमच्या घरी आला. मूर्तिजापूर ते बडनेरा पॅसेंजरने, तिथून ऑटोने. मशीनचा डबा चादरीत बांधलेला होता आणि मॉनिटर त्याने मांडीवर धरून आणला होता.

“भाऊ, ऑफिसात नवे मशीन आले,” तो म्हणाला. “हे भंगारात चाललं होतं. मॅडमचं आहे म्हणून मी मागून घेतलं. घरी असावं.”

मी त्याला पाणी दिलं, चहा ठेवला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मनात आलं, हे याला कसं सुचलं? बायको माझी, वस्तू तिची आणि मागायला गेला हा.

माझं अमरावतीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे. नाव देवीदास. पत्रिका मी स्वतः कॉम्प्युटरवर जुळवतो. गणपतीचं चित्र माऊसने उचलायचं, वर ठेवायचं, नावं खाली ओढायची, रंग बदलून पाहायचा. जाई रोज रेल्वेने अकोल्याला जायची. तिथे एका खाजगी संस्थेत शेतकऱ्यांच्या घरांची माहिती भरण्याचं काम होतं. सन दोन हजार सहा. गावागावांतून भरलेले फॉर्म पोत्यांतून यायचे. ते कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर त्यातून आकडे काढायचं काम दोघांकडे होतं. एक जाई, दुसरा तौहीद.

त्यांच्या मशीनवर चित्रं नव्हती. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. जाई आधी डॉसवर शिकली होती, मग लिनक्सवर गेली. मी तिला म्हणायचो, अगं, जग पुढे गेलं, तू अजून काळ्या पाटीवर. ती हसायची.

“तुमी बोट दाखवून मागता,” ती म्हणे. “हॉटेलात काचेमागच्या आलूबोंड्याकडे बोट दाखवलं, की मिळते. पन मले तीन पायजे, त्यातला एक बिनमिरचीचा, अन् दोन बांधून. हे बोटानं सांगून दाखवा बरं.”

“पन काय आहे ते दिसलं तर पायजे,” मी म्हणे.

“तुमाले दिसल्याशिवाय काई पटतच नाई.”

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. पत्रिका काळ्या पडद्यावर जुळवता येत नाही. एका छापखान्यात मी मॅक कॉम्प्युटर पाहिला होता, एकाच बटणाचा माऊस, अक्षर कागदावर जसं येईल तसंच पडद्यावर. मला ते देवघरासारखं वाटलं. जाईला दाखवलं तर म्हणाली, छान आहे, पण याला विचारायचं कसं? तिच्या कामाला चित्र उपयोगाचं नव्हतं. ऑफिसातल्या विंडोजच्या तक्त्यात पासष्ट हजार ओळींच्या पुढे जागाच नव्हती आणि एका तालुक्याच्याच ओळी त्याहून जास्त निघत. ती एक ओळ टाइप करायची. ज्या घरी विहीर आटली, बैल विकले आणि पोरगी लग्नाची आहे, अशी घरं किती? पंख्याखाली जरा घाम वाळेपर्यंत आकडा यायचा.

एकदा ती म्हणाली होती, “आकडा आला की काई सुचत नाई. मंग तौहीद उठते अन् चहा घेऊन येते.”

तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. ती गेल्यावर मला तो चहा आठवायला लागला.

जानेवारीत तिच्या डोक्यातली शीर फुटली. दोन दिवस दवाखान्यात होती. बोलली नाही.

तर तौहीदने मशीन टेबलावर मांडलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर नाव मागितलं. त्याने जाईचं नाव टाकलं, मग पासवर्ड टाकला. पडद्याकडे पाहिलंही नाही.

“पासवर्ड तुमाले कसा मालूम?”

“कामाचा होता ना भाऊ. दोघाइले एकमेकाचा मालूम असे. सेमाडोह.”

सेमाडोहला आम्ही कधी गेलो नव्हतो. मेळघाटातले फॉर्म आणायला त्यांच्या ऑफिसची जीप गेली होती, ती त्या जीपमध्ये होती. आली तेव्हा सांगत होती, जंगल पाहिलं म्हणून. मी पत्रिकांच्या गर्दीत होतो. हूं म्हटलं असेल.

“यात तिचं काय आहे?” मी विचारलं.

“ऑफिसची माहिती काढून घेतली त्याइनं. पन हे मशीन टाइप केलेली ओळ ठेवते. मॅडमनं शेवटी शेवटी काय काय लिहिलं, ते आहे.”

त्याने ‘हिस्टरी’ टाइप केलं. ओळी सरसर वर पळाल्या आणि शेवटच्या वीस-पंचवीस पडद्यावर थांबल्या. वरच्या कुठे गेल्या, मला कळलं नाही. विंडोजमध्ये बाजूला पट्टी असते, ती धरून वर जाता येतं. इथे पट्टी नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, शब्द देऊन शोधायचं. हिस्टरी, मग उभी रेघ, मग ग्रेप, मग शब्द. त्याने ‘विहीर’ टाकून दाखवलं. जाईच्या नऊ ओळी आल्या, प्रत्येकीपुढे नंबर. सगळं इंग्रजी अक्षरांत होतं, मी इथे आपल्या लिपीत लिहितो.

“अन् उठताना एक्झिट लिहायचं. एकदम बटन नका बंद करू, खराब होईन.”

त्याची बोटं तिच्यासारखीच चालत होती. एंटर मारताना तीही करंगळी अशीच वर उचलायची. कोणी कोणाचं उचललं होतं, देव जाणे. मी त्याला जेवायला थांबवलं नाही.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि खुर्चीवर बसलो. शोधायला सांगितलं तर माणूस आधी काय शोधेल? मी माझं नाव टाकलं. देवीदास.

एक ओळ आली. नंबर पाचशेच्या पुढचा होता. ती मी आत्ता टाइप केलेलीच ओळ होती. मशीनने माझीच ओळ मला परत दिली.

मग मी तौहीदचं नाव टाकलं. पडदा भरला.

एकतीस ओळी होत्या. मी वहीत उतरवून घेतल्या. सत्तावीस ठिकाणी नुसतं ‘राइट तौहीद’ होतं. राइट म्हणजे लिही, एवढं मलाही कळतं. बाकी चार ओळी मराठी होत्या. ‘तौहीद चहा सांग ना’. ‘तौहीद आज तुझ्या डब्यात काय’. ‘तौहीद तू बस मी करते’. ‘हसू नको तौहीद’.

त्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या, सांगता येणार नाही. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून तू. पण लग्नाला वीस वर्षं झाली, मला ती तुमी म्हणत होती. डब्यात काय आहे, हे मला कोणी विचारलं नाही. माझा डबा तीच भरत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पुन्हा बसलो. माझं नाव टाकलं, दोन ओळी. कालची माझी आणि आजची माझी. मग देवीदासजी टाकलं. मग देवा टाकलं, माझी आई म्हणायची तसं. मग अमरावती, तर नुसते फॉर्ममधले पत्ते. मग लाज सोडून प्रेम टाकलं. काही नाही. मग तौहीद टाकलं. आणि एक्झिट.

असं रोजचं झालं. सात-आठ शब्द टाकायचे, वहीत लिहायचं, उठायचं. मार्च गेला. बाहेर लग्नसराई भरात होती, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहून ओरडत होतं आणि मी घरी काळ्या पडद्यापुढे. वीज दुपारभर नसायची. ती यायची तेव्हा मी पत्रिका सोडून घराकडे पळायचो. एका पत्रिकेत मी वराच्या जागी वधूच्या बापाचं नाव टाकलं. दोनशे पत्रिका गेल्या.

एप्रिलच्या मध्यात माझ्या लक्षात आलं की ओळी कमी होताहेत. ‘तौहीद चहा सांग ना’ ही ओळ पहिल्या दिवशी दोनशे सत्तर नंबरवर होती. ती एकदा वर सरकत सरकत दोनवर आलेली मी पाहिली होती. आता ती नव्हतीच. मग डब्याची ओळ गेली. वहीत एकतीस आणि पडद्यावर, माझ्या स्वतःच्या सोडल्या तर, बारा.

मशीन माझ्या घरात, कुलूप माझं. पासवर्ड मात्र दोघांकडे. मी विचार केला आणि मला तो एकदम पटला. तोच पुसतोय. फोनच्या तारेतून म्हणा, कसंही म्हणा, त्याला येतं सगळं. ज्याला लपवायचं आहे, तोच पुसतो.

रविवारी सकाळच्या गाडीने मी मूर्तिजापूरला गेलो. वही पिशवीत होती.

तौहीदचं घर स्टेशनच्या मागे. तो कूलरमध्ये पाणी ओतत होता, त्याची बायको अफसाना सुपात गहू निवडत होती. मी चप्पल न काढता दारातच उभा राहिलो.

“तुमी तिच्या ओळी काहून पुसून राहिले?”

“कोनत्या ओळी भाऊ? आत तर या.”

मी वही उघडली. नंबर वाचून दाखवले. चहाची ओळ, डब्याची ओळ, कोणत्या तारखेला कोणती गेली. माझा आवाज वाढला असावा, कारण शेजारचा माणूस बाहेर आला. तौहीदने बादली खाली ठेवली.

“तुमच्या मशीनले फोन जोडला आहे काय?”

“नाई.”

“मंग मी मूर्तिजापुरातून फुंक मारून पुसू काय?” तो म्हणाला. मग त्याने वही हातात घेतली आणि त्याचं तोंड उतरलं. “भाऊ, तुमी रोज बसता?”

“रोज.”

“रोज किती वेळा शोधता?”

“सात-आठ. कधी दहा.”

“या अल्ला,” तो म्हणाला आणि ओट्यावर बसला. “चूक माही आहे. मी सांगितलंच नाही. ते मशीन फक्त पाचशे ओळी ठेवते. नवी ओळ आली, की सगळ्यात जुनी ओळ टाकून देते. तुमी एक शब्द शोधला, मॅडमची एक ओळ गेली. एक्झिट लिहिलं, अजून एक गेली.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. चाळीस दिवस, रोज सात-आठ. माझं दुकान आहे, हिशोब मला येतो. तीनशेच्या वर ओळी मीच ढकलून दिल्या होत्या. माझ्या माऊसने असं कधी केलं नाही. विंडोज तर एक चित्र टाकायचं म्हटलं तरी विचारतं, खरंच पुसू का? या काळ्या पडद्याने चाळीस दिवसांत एकदाही विचारलं नाही.

मी उंबऱ्यावरच बसलो. अफसाना पाणी घेऊन आली.

“क्या ढूंडते थे भाऊ, इत्ते दिन?” तिने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. “माहं नाव.”

“अन् मिळालं नाही?”

“एकदाही नाही. याइचं नाव एकतीस वेळा.”

ती हसली. दुःखाच्या घरचा माणूस आहे म्हणून पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना.

“नवऱ्याचं नाव कोन घेते भाऊ? बारा साल झाले निकाहाले, मी नाही घेतलं याइचं. तुमच्या जाईबाईनं कधी घेतलं होतं काय?”

मी आठवलं. घेतलं होतं. लग्नात, बाया हट्टाला पेटल्या तेव्हा उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर वीस वर्षं माझ्या घरात माझं नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी तेच शोधत बसलो.

“काय म्हणत होत्या मंग तुमाले? दुसऱ्यापाशी?” अफसानाने विचारलं.

मला माहीत नव्हतं. दुसऱ्यापाशी ती मला काय म्हणते, ते मी कुठून ऐकणार? मी तौहीदकडे पाहिलं.

“घरचे,” तो म्हणाला. “मॅडम घरचे म्हणत.”

दुपारच्या गाडीने आम्ही दोघं निघालो. गाडीत त्याच्याकडे पाहून मला वाटत होतं, ती मला काय म्हणायची, हेही मला या माणसाला विचारावं लागलं.

घरी आल्यावर तो खुर्चीकडे गेला. मी मध्ये आडवा आलो.

“मी टाइप करतो. तुमी तिकडे दारात उभे राहून सांगा. पडद्याकडे पाठ करून.”

तो दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि तिथून अक्षरं सांगायला लागला. आधी उरलेल्या ओळींची नक्कल करून ठेवू, मग शोधू. मी एका बोटाने दाबत होतो. चूक झाली. पडद्यावर आलं, अशी आज्ञा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

“थांबा भाऊ,” तो पाठमोराच म्हणाला. “त्या ओळीत एक बाण आहे. बाणाच्या इकडचं नाव तिकडं गेलं, तर अख्खी फाइल कोरी होईन. ते मशीन विचारत नाही.”

मी बोट उचललं.  आणखी एकदा चुकायची ऐपत माझी नव्हती. आणि तो बसला तर सगळं वाचणार होता. आत काय निघेल ते तो माझ्याआधी वाचेल, हे मला सहन होत नव्हतं. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. तो वळला नाही.

“या,” मी म्हटलं आणि खुर्ची सोडली.

त्याने एका दमात टाइप केलं, करंगळी वर करून एंटर मारला. “झालं. मॅडमच्या एकशे त्र्याऐंशी ओळी राहिल्या आहेत. आता जात नाहीत.” मग म्हणाला, “शोधू?”

“शोधा.”

त्याने ‘घरच’ एवढंच टाकलं. आठ ओळी आल्या.

‘आज घरचे बडनेऱ्यावर येणार आहेत मी लवकर निघते’

‘घरच्यायनं माह्या बहिणीच्या पोरीची पत्रिका फुकट करून दिली’

‘घरचे म्हणतात चित्राशिवाय काय कळते’

‘नाही दुखत आता गोळी घेतली’

ही ओळ त्यात कशी आली, म्हणून मी वाकून पाहिलं. तिच्या शेवटी होतं, ‘घरच्यायले सांगू नको’.

पुढची होती, ‘सांगितलं तर घरचे ऐन सीझनात दुकान बंद करून माह्या उशाशी बसतीन’.

त्याच्या पुढच्या तीन मी तेव्हा वाचल्या नाहीत.

“तुमाले मालूम होतं,” मी म्हटलं.

“हाव.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून डोकं दुखे. मी दोनदा म्हटलं, डॉक्टरकडे चला. सीझन संपू दे म्हने.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“मना केलं होतं त्याइनं.” तो पडद्याकडेच पाहत होता. “मी रोज हाच विचार करतो भाऊ. मना केलं तरी सांगायले पायजे होतं.”

मी त्याला मारलं असतं. हात मात्र टेबलावरच राहिला. एवढे दिवस मी विचारत होतो, की त्यांच्यात काय होतं. हे होतं. ती मला जपत होती आणि दुखणं त्याला सांगत होती. मला उलटं पाहिजे होतं. जपायला तिला दुसरा कोणी मिळाला असता, तरी चाललं असतं. दुखणं माझ्या हक्काचं होतं.

“अन् बाकीचं?” मी विचारलं. “सत्तावीस वेळा राइट तौहीद आहे. त्याच्या खाली काय लिहिलं ते कुठं आहे?”

“ते राहत नाही. राइट केलं, की त्या पुढं लिहितीन ते सरळ माझ्या पडद्यावर येई. मी वाचलं, की झालं. कधी त्या विसरत, राइट न करताच लिहून टाकत. मशीनले वाटे आज्ञाच आहे, ते म्हने अशी आज्ञा नाही, अन् ठेवून घेई. हे सगळं ते चुकलेलं आहे.”

म्हणजे जे चुकलं ते माझ्या घरात होतं. जे बरोबर गेलं ते सगळं या माणसाजवळ होतं.

तो उठला. गाडीची वेळ झाली म्हणाला. दोरीवरचा रुमाल घेतला, चप्पल पायात घातली. मला तो जायला पाहिजे होता, आणि तो गेला की तिचं त्याच्याजवळ असलेलं तेही जाणार होतं.

“पावनेसातची आहे अजून एक,” मी म्हटलं. “बसा.”

“काय भाऊ?”

“सेमाडोहले गेले होते ना तुमी लोकं. जीपनं. ती काय म्हणत होती तिथं?”

तो परत बसला, तिच्या खुर्चीवर. मी पलंगावर बसलो. त्याने सुरुवात केली, की मॅडम पुढच्या सीटवर होत्या आणि रस्त्यावर मोर आडवा आला.  मी त्याला म्हटलं, हळू सांगा, आणि वही काढली.